पाणी आधी ग्रीनला : वसाहतीतला गोल्फ क्लब चालवताना

कारखान्याच्या वसाहतीतला गोल्फ क्लब चालवणे हे मुंबईच्या विलिंग्डनसारखी किंवा कोलकात्याच्या रॉयल कलकत्तासारखी जुनी, भरल्या तिजोरीची संस्था चालवण्याहून फार वेगळे काम आहे. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या भोपाळमधल्या भेलच्या वसाहतींत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. १९५६ साली, पुढे भेलमध्ये विलीन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या तांत्रिक साहाय्याने भोपाळचा कारखाना उभा राहिला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. कारखान्याच्या जोडीने शाळा, रुग्णालय, बाजार, मैदाने असे एक अख्खे गावच वसले. विदर्भ-खानदेशातून, इंदूर-ग्वाल्हेरकडून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे इथलीच झाली. अशा वसाहतीत जो काही क्लब असतो त्याची जमीन कंपनीची, पाणी बहुधा कंपनीच्याच कृपेचे, निम्मे सभासद बदली किंवा निवृत्ती होईपर्यंतचे आणि वर्गणी पगारदार माणसाच्या खिशाला झेपेल एवढीच. या चौकटीत नऊ होलांचे मैदान वर्षानुवर्षे खेळण्याजोगे ठेवायचे कसे, हे या लेखात सांगायचे आहे.

माझे म्हणणे असे की पैसा, पाणी आणि माणसे आधी ग्रीनवर लावा. त्यातून उरेल ते टीवर, मग फेअरवेवर आणि सगळ्यात शेवटी क्लबहाउसवर. बहुतेक समित्या नेमके उलटे करतात. निवडून आल्याबरोबर क्लबहाउसला रंग देतात, खुर्च्या बदलतात, पाटी नवी करतात. ते काम डोळ्यांत भरते आणि दोन महिन्यांत उरकते. ग्रीनवर केलेला खर्च दिसायला वर्ष जाते. पण हिशेब मांडून पाहा. १८ होलांचा पार ७२ धरला, तर प्रत्येक ग्रीनवर पटिंगचे दोन फटके या हिशेबाने त्यातले ३६ फटके, म्हणजे निम्मा खेळ, ग्रीनवरच होतो. आणि नऊ ग्रीनचे क्षेत्र किती? सरासरी ४०० चौरस मीटर धरले तर ३,६०० चौरस मीटर, म्हणजे एक एकरही नाही. निम्मा खेळ जिथे होतो ती जागा एका एकरात मावते, ही छोट्या क्लबाच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे. तिचा फायदा घेतला पाहिजे.

पाण्याचे गणित

भोपाळला वर्षाकाठी साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा चांगला आहे, पण त्यातला बहुतेक सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत कोसळून जातो. उरलेले आठ महिने मैदान पाइपावर जगते. मार्चपासून ऊन तापायला लागते आणि मेअखेरच्या नवतप्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, वर गरम कोरडे वारे. त्या दिवसांत ग्रीनवरच्या आखूड गवताला रोज सहा मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, कधी त्याहूनही जास्त.

एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एवढे लक्षात ठेवले की बाकीचे गणित पाटीवर सुटते. नऊ ग्रीनना सहा मिलिमीटर म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. नऊ टी-बॉक्सना आणखी सहा-सात हजार लिटर. आता फेअरवे धरा : आठ हेक्टरांवर पाच मिलिमीटर द्यायचे तर रोज चार लाख लिटर लागतात. चाळीस टँकर. ज्या शहरात उन्हाळ्यात वस्त्यांना पाण्यासाठी वाट पाहावी लागते, तिथे एवढे पाणी फेअरवेवर ओतणे मला पटत नाही, आणि छोट्या क्लबाला ते परवडतही नाही.

म्हणून फेअरवे एप्रिल-मेमध्ये खुशाल पिवळे पडू द्या. आपल्याकडची हरळी चिवट आहे. वरचा पाला वाळतो, पण जमिनीतली खोडे जिवंत असतात आणि पहिला वळवाचा शिडकावा झाला की आठवड्याभरात हिरवी लव फुटते. वाळक्या, टणक फेअरवेवर चेंडू जास्त पळतो आणि खेळाला वेगळी मजा येते. हे सभासदांना मार्चमध्येच सूचनाफलकावर स्पष्ट लिहून सांगा : पाणी अमुक इतके आहे, ते ग्रीन आणि टीला जाईल, फेअरवे जूनमध्ये परत येतील. आधी सांगितले की लोक समजून घेतात. सांगितलेच नाही तर मे महिन्यात तक्रारवही भरते.

पाणी द्यायचे ते पहाटे, सूर्य वर येण्याआधी. वारा पडलेला असतो आणि बाष्पीभवन कमी होते. संध्याकाळी उशिरा दिलेले पाणी रात्रभर पात्यांवर राहते आणि बुरशीला निमंत्रण देते. उन्हाळ्यात दुपारी ग्रीन निळसर-करडे दिसू लागले, पावलांचे ठसे गवतावर तसेच राहू लागले, तर तो तहानेचा इशारा समजा. अशा वेळी भरपूर पाणी सोडायचे नाही. दोन-तीन मिनिटांचा हलका शिडकावा पुरतो, त्याने पाती थंड होतात. आणि स्प्रिंकलर सगळीकडे सारखे पाणी टाकतो या समजुतीवर विसंबू नका. एकाच मापाचे आठ-दहा रिकामे डबे ग्रीनवर जागोजागी ठेवा, पंधरा मिनिटे स्प्रिंकलर चालवा आणि प्रत्येक डब्यातले पाणी पट्टीने मोजा. एका डब्यात चार मिलिमीटर आणि दुसऱ्यात दीड, असे निघाले की ग्रीनच्या एकाच कडेला गवत का जळते याचा उलगडा होतो. नोझल बदलायला किरकोळ खर्च येतो.

वसाहतीत सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असेल तर त्या पाण्यासाठी कंपनीकडे लेखी मागणी करा. चंदीगडचा गोल्फ क्लब शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरतो, त्यात नवे काही नाही. मात्र ते वापरण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि क्षार व सोडियमचे प्रमाण मुद्दाम विचारा. आपली जमीन काळी, चिकण. तिच्यात सोडियम साठत गेले की माती आणखी घट्ट होते आणि पाणी वरच तुंबते. जिप्समने बराच फरक पडतो, पण किती टाकायचे ते माती-पाण्याचा अहवाल पाहूनच ठरवावे. या पाण्याची पाइपलाइन वेगळ्या रंगाची हवी आणि प्रत्येक नळावर ‘पिण्यासाठी नाही’ अशी पाटी हवी. माळी आणि कॅडी उन्हात दिसेल त्या नळाला तोंड लावतात.

काळ्या मातीवरचे ग्रीन

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर थेट हरळी लावून ग्रीन केले की पहिल्याच पावसाळ्यात डबकी होतात. जगभर मानला जाणारा आराखडा असा : तळाशी निचऱ्याच्या छिद्रांच्या नळ्या, त्यावर सुमारे १० सेंटिमीटर खडी आणि वर ३० सेंटिमीटर वाळूप्रधान थर. नऊही ग्रीन असे एकदम करायला छोट्या क्लबाकडे पैसे नसतात. मग पैसे कुणी देईल म्हणून वाट पाहत बसू नका आणि नऊ ग्रीन अर्धवटही करू नका. पहिल्या वर्षी तीनच ग्रीन नीट बांधा, प्रत्येक ग्रीनकडे तीन वेगवेगळ्या टीवरून खेळा, नऊ होल होतात. टीच्या जागा मोकळ्या राखून, फेअरवे एकमेकांना छेदणार नाहीत अशी आखणी करावी लागते आणि खेळणारे कमी असतील तरच हे जमते. पण तीन चांगल्या ग्रीनवर खेळलेला माणूस पुढच्या वर्षीची वर्गणी आनंदाने भरतो.

आणि ग्रीन करणे झेपतच नसेल तर ब्राउन, म्हणजे वाळूचे ग्रीन, ठेवायला कमीपणा मानू नका. जमशेदपूरच्या बेलडीह मैदानावर ग्रीनच्या जागी वर्षानुवर्षे ब्राउनच होते आणि तिथे व्यावसायिक स्पर्धाही झाल्या. जुन्या पद्धतीत वाळूत जळके इंजिन तेल मिसळत असत. ते मात्र आता करू नका. वापरलेले तेल कायद्याने धोकादायक कचऱ्यात मोडते आणि ते पावसाबरोबर जमिनीत, विहिरीत उतरते. बारीक चाळलेली वाळू, हलके पाणी, रोलर आणि दर गटानंतर वाळू सपाट करायला फिरवलेली ओढणी यांवर चांगले ब्राउन चालते.

वाळूचा विषय निघालाच आहे तर एक अगदी इथली गोष्ट. भोपाळला वाळू येते ती मुख्यतः नर्मदेची. पावसाळ्यात नदीतले उत्खनन बंद असते, बाजारात वाळू मिळेनाशी होते आणि मिळाली तर भाव चढलेला असतो. आणि ग्रीनवर वाळूचा हात फिरवण्याची खरी वेळ जुलै ते सप्टेंबर, जेव्हा हरळी जोमाने वाढते. म्हणून वर्षाची वाळू मे महिन्यातच आणून, चाळून, ताडपत्रीखाली झाकून ठेवा. बांधकामाची वाळू जशीच्या तशी चालत नाही. तिच्यात गोटे असतात, ते मोअरच्या पात्यांची वाट लावतात, आणि गाळ असतो, तो निचरा बंद करतो. पाव ते एक मिलिमीटरचा दाणा हवा. साधी चाचणी : काचेच्या बरणीत मूठभर वाळू, वर पाणी, जोराने हलवा आणि ठेवून द्या. तासाभराने पाणी गढूळच राहिले किंवा वाळूवर मातीचा जाड थर बसला, तर ती वाळू धुवून घ्या नाहीतर परत पाठवा. आणखी एक, दरवर्षी एकाच प्रकारची वाळू वापरा. एका वर्षी जाड, दुसऱ्या वर्षी बारीक असे केले की जमिनीत थरावर थर बसतात आणि पाणी मधेच अडते.

ग्रीनची कापणी पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा. मोठ्या क्लबांतली तीन-साडेतीन मिलिमीटरची उंची टीव्हीवर पाहून इथे आणायचा मोह होतो. ती बुटक्या संकरित जातींना सोसते आणि त्यासाठी रोज कापणी, रोज देखरेख आणि महाग यंत्रे लागतात. साध्या हरळीला ते झेपत नाही. एका कापणीत पात्याच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापायचे नाही, हा नियम सगळ्या मैदानाला लागू. यंत्र तुम्ही नवे घ्या किंवा मोठ्या क्लबाचे वापरलेले, ते रील मोअर हवे आणि त्याची धार दर आठवड्याला तपासा. इंजिन बंद करून, हातमोजे घालून, वर्तमानपत्राची पट्टी रील आणि खालच्या पात्याच्या मध्ये धरा आणि रील हाताने हळू फिरवा. पट्टी कात्रीने कापल्यासारखी सरळ कापली गेली तर ठीक. चुरगळली, फाटली, तर तुमचे गवतही तसेच फाटते आहे. दुसऱ्या दिवशी ग्रीनवर जी पांढुरकी झाक दिसते ती याचीच, आणि आपण तिला रोग समजून औषध फवारत बसतो.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा, पण वारंवार द्या. वाढीच्या महिन्यांत ४०० चौरस मीटरच्या ग्रीनला महिन्याला तीन-चार किलो युरिया पुरतो, तोही चार हप्त्यांत, पाण्यात विरघळवून, आणि लगेच वरून पाणी. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांच्या खाली गेल्या की हरळी झोपते. तेव्हा युरिया टाकून तिला उठवायला जाऊ नका, उंची जरा वाढवा आणि ती जशी आहे तशी राहू द्या.

हुमणी, लव्हाळा आणि पावसाळा

शेतकरी वाचकांना हुमणी सांगायला नको. ऊस आणि भुईमुगाची मुळे खाणारी तीच अळी गोल्फच्या मैदानावरही येते. पहिला चांगला पाऊस झाला की तपकिरी भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभळीवर जमतात. तेच चार-आठ दिवस महत्त्वाचे. त्या झाडांखाली अंधार पडताना फांद्या हलवून भुंगेरे गोळा करा, रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या घमेल्यावर दिवा लावा. आठ-दहा माणसांनी आठवडाभर केलेले हे काम ऑगस्टमधल्या औषधाच्या डब्यांपेक्षा स्वस्त आणि जास्त गुणकारी आहे.

ऑगस्टमध्ये एखाद्या ठिकाणी गवत पाणी असूनही सुकताना दिसले, तर हाताने ओढून पाहा. मुळे खाल्ली गेली असतील तर ते गालिच्यासारखे गुंडाळत वर येते आणि खाली मातीत वाकडी, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी दिसते. फूटभर चौरस कापून मोजा. एक-दोन अळ्या असतील तर सोडून द्या. पाचाच्या वर निघाल्या तर उपाय करायलाच हवा. मेटाऱ्हिझियम ही बुरशी ओल्या जमिनीत चांगले काम करते आणि सकाळी मैदानावर उतरणाऱ्या पक्ष्यांना तिचा धोका नाही. रासायनिक औषध वापरायचेच झाले तर कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने, खेळ बंद ठेवून, आणि फवारणाऱ्या माळ्याला मास्क व हातमोजे देऊन. हुमणी जास्त झाली की तिच्या मागोमाग रानडुकरे येतात आणि एका रात्रीत फेअरवे नांगरून टाकतात. त्यांच्यासाठी कुंपण दुरुस्त करा, पण खरा उपाय खाली मातीत आहे.

लव्हाळा वरून कापून मरत नाही, उलट पसरतो. ग्रीनवर दिसला की त्याच दिवशी सुरीने गाठीसकट काढायचा. गाजरगवत फुलण्याआधी, ऑगस्टच्या सुरुवातीलाच, सभासदांचे एक श्रमदान ठेवून रफमधून उपटावे. ते करताना लांब बाह्यांचा सदरा घाला, कातडीला खाज सुटते.

पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीवर ट्रॅक्टर आणि गोल्फ कार्ट सोडू नका. एका चुकीच्या दिवशी पडलेल्या चाकोऱ्या वर्षभर पुरतात. त्या काळात फेअरवेवर चेंडू उचलून, पुसून ठेवायची मुभा देणारा स्थानिक नियम लागू करा. गोल्फच्या नियमावलीत तशी सोय आहे. विजेचा पहिला गडगडाट ऐकू आला की भोंगा वाजवून सगळ्यांना आत बोलवा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणालाही बाहेर सोडू नका, सामना कितीही रंगलेला असो. रफमध्ये चेंडू शोधताना गवतात हात घालू नका, काठीने बाजूला करा. घोणस इथे असते. सर्पदंशावरची लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास मिळते, याची चौकशी जूनच्या आधी करून त्या रुग्णालयाचे नाव आणि दूरध्वनी कॅडीशेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

माळी आणि कॅडी

मैदान समिती चालवत नाही, हेड माळी चालवतो. कोणत्या ग्रीनच्या कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कोणता व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो, हे त्याला ठाऊक असते आणि ते कुठेही लिहिलेले नसते. म्हणून त्याला ठेकेदारामार्फत दरवर्षी बदलणाऱ्या माणसांत ढकलू नका. बाकीची माणसे ठेक्याने घेतलीत तरी हा एक माणूस क्लबाचा असावा. त्याला नियमांप्रमाणे वेतन, पीएफ, ईएसआय आणि वर्षातून एकदा मोठ्या क्लबात पाहून-शिकून येण्याचा खर्च द्या. महूचे लष्करी मैदान काही फार लांब नाही. मे महिन्यात कामाची वेळ पहाटे साडेपाच ते साडेदहा आणि मग संध्याकाळी, अशीच ठेवा. दुपारी बारा वाजता उघड्यावर पाइप ओढायला लावणे ही क्रूरता आहे आणि तिचा ग्रीनलाही उपयोग नाही.

समितीच्या बैठकीत हेड माळ्याला खुर्ची द्या. त्याला बाहेर उभे ठेवून त्याच्या कामाबद्दल बोलणारी बैठक मला सहन होत नाही. व्यावसायिक गोल्फपटू शिवशंकर चौरसिया हा रॉयल कलकत्ता क्लबातल्या ग्रीनकीपरचाच मुलगा. २००८ साली त्याने इंडियन मास्टर्स जिंकली, पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन. महूच्या मुकेश कुमारने २०१६ मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी, पॅनासोनिक ओपन इंडिया जिंकली. महूचाच ओम प्रकाश चौहान २०२३ मध्ये भारतीय व्यावसायिक दौऱ्याच्या क्रमवारीत पहिला आला. महूचे हे दोघे तर मध्य प्रदेशानेच घडवलेले खेळाडू. तेव्हा आठवड्यातली एक दुपार माळ्यांच्या आणि कॅडींच्या मुलांसाठी मैदान मोकळे ठेवा आणि जुन्या क्लब्जचा एक डबा त्यांच्यासाठी ठेवा. शाळेच्या वेळात मात्र कोणत्याही मुलाला कॅडी म्हणून घ्यायचे नाही, हा नियम लेखी असू द्या.

कॅडींचे दर पाटीवर लिहावेत आणि पाळी टोकनने लावावी. ओळखीच्या सभासदाने ओळखीचा कॅडी उचलला की बाकीचे दिवसभर रिकामे बसतात. त्यांचा अपघात विमा क्लबाने काढावा. हप्ता फार नसतो. डोक्याला चेंडू लागण्याची शक्यता त्यांनाच सगळ्यात जास्त असते.

पैसा आणि कागद

क्लब नोंदणीकृत नसेल तर मध्य प्रदेश सोसायटी नोंदणी कायदा, १९७३ खाली तो नोंदवून घ्या आणि दरवर्षी कार्यकारिणीची यादी व लेखापरीक्षित हिशेब वेळेवर दाखल करा. हे काम कंटाळवाणे आहे, पण जमीन कंपनीची असताना क्लबाची पत त्याच्या कागदांवरच ठरते. मैदान वापरायची परवानगी एखाद्या जुन्या अधिकाऱ्याच्या तोंडी शब्दावर चालू असेल तर तो अधिकारी निवृत्त होण्याआधी ती लेखी करून घ्या : किती क्षेत्र, किती मुदत, पाणी कोणाचे, वीजबिल कोणाचे.

पैशाचे तीन कप्पे करा. रोजचा खर्च मासिक वर्गणीतून, यंत्रांची बदली राखीव निधीतून, आणि नवे बांधकाम फक्त प्रवेशशुल्क व देणग्यांतून. प्रवेशशुल्क पगारात खर्च करणारा क्लब दरवर्षी नवे सभासद शोधत पळतो, आणि कारखान्यातली कर्मचारीसंख्या घटत असताना ते मिळत नाहीत. मोअर दहा वर्षे टिकेल असे धरले तर त्याच्या किमतीचा दहावा भाग दरवर्षी बाजूला पडला पाहिजे. बारच्या नफ्यावर मैदानाचे अंदाजपत्रक बेतू नका. परवान्याचे धोरण बदलले की सगळेच अडते.

करांबाबत दोन गोष्टी खजिनदाराने लक्षात ठेवाव्यात. सभासदांनी सभासदांसाठी काढलेल्या क्लबाला आयकरात परस्परतेचा लाभ मिळतो, पण बँकेतल्या ठेवींच्या व्याजाला तो लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरू क्लबाच्या खटल्यात २०१३ साली आणि सिकंदराबाद क्लबाच्या खटल्यात २०२३ साली हेच सांगितले. तेव्हा राखीव निधीवरचे व्याज करमुक्त समजून ते खर्च करू नका. दुसरे, २०२१च्या वित्त कायद्याने क्लबाने आपल्या सभासदांना दिलेली सेवा १ जुलै २०१७ पासूनच्या प्रभावाने जीएसटीच्या कक्षेत आणली. त्यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. वर्गणीचे दर ठरवण्याआधी सनदी लेखापालाला ताजी स्थिती विचारा.

सभासदत्वाचे नियम वसाहतीचे स्वरूप ओळखून करा. बदलीवर गेलेल्या माणसाला नाममात्र शुल्कात अनुपस्थित सभासद राहता आले पाहिजे. निवृत्त होऊन पिपलानीबाहेर, अवधपुरी किंवा अयोध्यानगरात घर घेतलेल्या जुन्या सभासदाला परके करू नका. हीच मंडळी सकाळी वेळेवर येतात, मैदानाची काळजी करतात आणि गरज पडली तर हिशेबही तपासून देतात. बाहेरच्या लोकांना घ्यायचे तर कंपनीच्या लेखी संमतीने, ठरावीक टक्केवारीत. महिलांना स्वतंत्र सभासदत्व द्या, ‘अमक्यांच्या सौ.’ म्हणून नव्हे, आणि समितीत जागा द्या.

हँडिकॅप जपणे हेही क्लबाचेच काम. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० कार्डांतली सर्वोत्तम आठ धरतात आणि ५४ पर्यंतचा हँडिकॅप मिळू शकतो, म्हणजे नवशिक्यालाही कागदावर जागा आहे. नऊ होलांची कार्डेही चालतात. कार्ड भरण्याची सवय लावायला एक वर्ष जाते, पण ती लागली की महिन्याच्या स्पर्धेत तेच तेच चेहरे बक्षीस नेत नाहीत आणि नवे लोक टिकतात.

शेजाऱ्यांचे ऐका. वसाहतीतले लोक पहाटे मैदानाच्या कडेने फिरायला येतात आणि ते पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. त्यांना हाकलू नका. सकाळी सहापर्यंत कडेची पायवाट त्यांची, त्यानंतर लाल झेंडी, असे ठरवा आणि पाळा. रस्त्याकडे जाणारा एखादा होल असेल तर जाळी लावण्याऐवजी आधी टीची दिशा बदलून पाहा, बरेचदा तेवढ्यानेच काम होते. तृतीय पक्षाचा विमा घ्या आणि कुणाच्या गाडीची काच फुटली तर आठवड्याच्या आत भरपाई द्या.

ग्रीन समितीचा प्रमुख किमान तीन वर्षांसाठी असावा, समितीचे बाकीचे सदस्य दर वर्षी बदलले तरी चालतील. त्याने पद सोडताना पुढच्याच्या हाती एक फाइल द्यावी. तिच्यात निचऱ्याच्या नळ्यांचा आणि पाइपलाइनचा नकाशा, प्रत्येक व्हॉल्व्हची जागा, शेवटच्या तीन वर्षांचे माती-पाण्याचे अहवाल, वाळू कुठून आणि कोणत्या भावाने घेतली त्याच्या पावत्या, कोणत्या तारखेला किती खत आणि कोणते औषध दिले त्याची रोजवही आणि हेड माळ्याच्या सहीची एक यादी असावी : कोणता ग्रीन कधी आजारी पडला आणि तो कशाने बरा झाला.